दहा ग्रॅम तुपातून एक टन ऑक्सिजन? आधी वजनकाटा आणा

‘देशी गायीच्या 10 ग्रॅम तुपाचा दिवा लावल्यास 1 टन ऑक्सिजन तयार होतो. पिंपळ 24 तास ऑक्सिजन देतो. तुळस 20 तास ऑक्सिजन आणि 4 तास ओझोन देते. गाय हा ऑक्सिजन घेऊन ऑक्सिजनच सोडणारा जगातील एकमेव प्राणी आहे, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. तूप-तांदळाच्या हवनातून इथिलीन ऑक्साइड हा जीवनरक्षक वायू मिळतो. शाळेत हे शिकवत नाहीत. पुढे पाठवा.’

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो घरोघर फिरला, आणि अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. इतकी वर्षं मी तो वाचून पुढे जात होतो. सकाळी सकाळी कुणाशी हुज्जत घालायची? पण या खेपेला तो आमच्या आत्याच्या फोनवर गेला आणि तिने तो मनावर घेतला. आत्याला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, अर्धं आयुष्य चुलीपुढे बसल्याची कमाई. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितलाय. तिने तो रात्री बंद ठेवायला सुरुवात केली आणि उशाशी तुपाचं निरांजन लावलं. मी रागावलो तर म्हणते कशी, “अरे, त्या मशीनचं वीजबिल बघितलंस का? आणि तूप तर घरचंच आहे.”

म्हणून तुपापासूनच सुरुवात करतो.

दहा ग्रॅम म्हणजे दोन चहाचे चमचे तूप. एक टन म्हणजे दहा लाख ग्रॅम. दोन चमचे पदार्थातून त्याच्या वजनाच्या एक लाख पट वायू निघतो, असं हा मेसेज म्हणतोय. एवढं वजन आलं कुठून? रसायनशास्त्र बाजूला ठेवा, वाण्याचा तराजूसुद्धा हे मान्य करणार नाही. तुपाच्या रेणूंमध्ये थोडा ऑक्सिजन असतो, कार्बन-हायड्रोजनशी घट्ट बांधलेला. तो सगळाच्या सगळा सोडवून बाहेर काढता आला, तरी दहा ग्रॅम तुपातून एक-सव्वा ग्रॅमच हाती लागेल. आणि तोही सुटत नाही, कारण जळणं म्हणजेच ऑक्सिजन वापरणं. वातीवर तूप जळतं तेव्हा त्यातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. हिशेब मांडला तर दहा ग्रॅम तूप पूर्ण जळायला सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे निरांजन खोलीतला ऑक्सिजन खातं. दिव्यावर पेला उपडा ठेवला की ज्योत विझते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. दिवा स्वतःच ऑक्सिजन तयार करत असता, तर पेल्याखाली तो आणखी मोठा व्हायला हवा होता.

एक टन ऑक्सिजन म्हणजे किती, याचाही अंदाज मेसेज लिहिणाऱ्याला नसावा. दवाखान्यात तो उंच जम्बो सिलिंडर असतो ना, त्यात साधारण सात घनमीटर म्हणजे जेमतेम दहा किलो वायू मावतो. एक टन म्हणजे असे शंभर सिलिंडर. एका माणसाला तो तीन वर्षांहून जास्त पुरेल.

आता एप्रिल 2021 आठवा. महाराष्ट्रात ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे पाठवले. देशातली ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस. रेल्वेवर चढवलेल्या टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांत बसेना, म्हणून गाडी वसईवरून लांबच्या वाटेने न्यावी लागली. ते टँकर भरून नागपूर-नाशिकला पोचेपर्यंत चार-पाच दिवस गेले. दरम्यान 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्या सात टँकरांत मिळून शंभरेक टन ऑक्सिजन होता. मेसेजच्या गणिताने शंभर टनाला तूप किती लागेल? एक किलो. नाशिकमध्ये किलोभर तूप मिळत नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? हा मेसेज त्या आठवड्यांतही फिरत होता, याची मला आजही चीड येते.

बरं, नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यात धोका आहे आणि तो साधा नाही. कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढून घेतो, त्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांत अडकवतो आणि नव्वद-पंच्याण्णव टक्के शुद्ध ऑक्सिजन नळीतून नाकाशी सोडतो. झोपेत नळी सरकते, वायू उशी-पांघरुणात साठतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात भिजलेलं कापड ठिणगी पडताच भडकतं. म्हणूनच त्या मशीनजवळ विडी-सिगरेट, अगरबत्ती, निरांजन काहीही नको असं बजावून सांगतात. आत्याने रात्री मशीन बंद ठेवलं होतं, म्हणून निदान ते टळलं. दिवा आणि मशीन दोन्ही चालू ठेवणारं कुणीतरी याच मेसेजच्या वाटेवर कुठेतरी असेलच. शिवाय वातीचा धूर. चुलीच्या धुराने खराब झालेल्या फुप्फुसांना औषध म्हणून पुन्हा धूरच.

आणि मशीन बंद ठेवणं ही काटकसर नव्हे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1981 मध्ये अशाच 87 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. 42 जणांना घरी रोज किमान 15 तास ऑक्सिजन दिला, त्यात रात्र आलीच. 45 जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले 19 गेले, दुसऱ्यातले 30. चाचणी छोटी होती, पण घरच्या ऑक्सिजनचा सल्ला आजही तिच्यावर उभा आहे. रक्तातला ऑक्सिजन खरोखरच खूप खाली गेलेल्यांसाठीच तो असतो. ज्यांना तो लिहून दिलाय, त्यांनी तास कमी करायचे असतील तर डॉक्टरांना विचारावं, ग्रुपला नव्हे. आत्याला हे आकडे दाखवले. ती काही बोलली नाही, पण निरांजन देवघरात गेलं. तिथे ते शोभतं.

आता पिंपळ आणि तुळस.

इथे मला आधी गंमत वाटते. आमच्या लहानपणी पिंपळावर मुंजा असायचा, म्हणून रात्री झाडाखाली जायचं नाही. पुढे शिकलेल्या मंडळींनी त्याला ‘वैज्ञानिक कारण’ जोडलं, की झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं म्हणून जीव गुदमरतो. आता त्याच ग्रुपांवर तोच पिंपळ रात्री ऑक्सिजन देतोय. दोन्ही मेसेज एकाच काकांकडून येतात आणि दोन्हींच्या शेवटी ‘आपले पूर्वज किती शास्त्रीय होते’ हेच लिहिलेलं असतं. 2021 मध्ये उत्तर प्रदेशात करोनाचे रुग्ण खाट टाकून पिंपळाखाली झोपल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा मात्र गंमत वाटली नव्हती.

हा प्रश्न सुटून दोनशे चाळीसहून जास्त वर्षं झाली आहेत. ऑगस्ट 1771 मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टलीने बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्याच हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. (पुदिना आणि तुळस एकाच कुळातले, तेव्हा मेसेजवाल्यांना हा पुरावा जवळचा वाटावा.) पण प्रयोग दरवेळी जमेना. स्वीडनमध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाला उलटंच दिसलं, झाडाने हवा बिघडवली. एकाचं खरं की दुसऱ्याचं? यावर कुणी पूर्वजांचा हवाला दिला नाही. व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवीची टोचणी करून नाव कमावलेला यान इंगनहाउस हा डच डॉक्टर 1779 च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात जाऊन बसला आणि त्याने पाचशेवर प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून काही भांडी उन्हात, काही सावलीत, काही रात्रभर अंधारात. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. उन्हात हिरव्या भागांवर बुडबुडे येत आणि त्या वायूत ज्योत उजळे. अंधारात बुडबुडे थांबत आणि हवा उलट थोडी बिघडे. मुळं आणि फुलं दिवसाही हवा सुधारत नसत. उजेड हवा, आणि हिरवा भाग हवा. प्रीस्टली आणि शीले दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, भांड्यावर ऊन किती पडलं हे कुणी मोजलं नव्हतं.

घरी करून बघायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात हायड्रिला नावाची पाणवनस्पती मिळते. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, हायड्रिलाच्या काड्यांवर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. खिडकीत ऊन आलं की कापलेल्या देठातून मण्यांची माळ ओघळावी तसे बुडबुडे वर जातात. पडदा ओढा, थोड्या वेळात माळ तुटते. पडदा उघडा, पुन्हा सुरू. शाळेत शिकवत नाहीत म्हणे! हे शाळेतच शिकवतात, तुम्ही त्या दिवशी कुठे होतात?

मेसेजमध्ये अर्धा दाणा खऱ्याचा आहे, तो नाइलाजाने देतो. निवडुंग, कोरफड, घायपात, अननस ही मंडळी पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. याचा एक पहिला धागा आपल्याकडेच सापडला. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतितज्ज्ञाने 1813 मध्ये कळवलं, की पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. (त्याने चाखलं म्हणून तुम्ही चघळू नका, पानफुटीत विषारी द्रव्यंही आहेत.) पिंपळाच्या कथेचं मूळ बहुधा इथेच कुठेतरी असावं. पण रात्री कार्बन डायऑक्साइड घेणं वेगळं आणि ऑक्सिजन सोडणं वेगळं. झाड जो ऑक्सिजन सोडतं तो पाण्याचे रेणू फोडून येतो, हे 1941 मध्ये कॅलिफोर्नियात ऑक्सिजनचं जड समस्थानिक (तोच ऑक्सिजन, पण अणू वजनाने जड, म्हणून माग काढता येणारा) वापरून दाखवलं गेलं. पाणी फोडायला ऊन लागतं. पानफुटी असो, पिंपळ असो वा वृंदावनातली तुळस, रात्री तिघंही तुमच्या-आमच्यासारखी श्वसन करतात. म्हणून घाबरून कुंड्या बाहेर काढायचीही गरज नाही. खोलीत झोपलेला एक माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

तुळशीच्या ओझोनवर शब्द खर्च करायची इच्छा नाही. ओझोन आकाशात उंचावर बरा, नाकाशी आला तर फुप्फुसांना जाळतो आणि तुळशीची पानंही खराब करतो. तुळस तो सोडत नाही, हे तिचं आणि आपलं नशीब.

गायीकडे येऊ. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्यात सुमारे 16 टक्के उरतो. तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो तो त्यामुळेच. तेव्हा गायीच्या उच्छ्वासात ऑक्सिजन असतो, हे कबूल. तो बैलाच्याही असतो, डुकराच्याही आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांच्याही. ‘एकमेव’ कुठून आलं? गाय फक्त ऑक्सिजनच सोडत असती, तर दिवसभर खाल्लेल्या कडब्यातला कार्बन जातो कुठे? काही दुधात, काही शेणात, आणि उरलेला मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटेच. वर ढेकरेतून मिथेन निघतो तो वेगळा. गाय रवंथ करते, तिने ते लपवलेलं नाही.

आणि न्यायालय. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2021 च्या एका आदेशात, गोहत्येच्या आरोपीला जामीन नाकारताना, शास्त्रज्ञांच्या मते गाय हा ऑक्सिजन घेऊन ऑक्सिजन सोडणारा एकमेव प्राणी आहे, अशा अर्थाचं वाक्य खरंच आहे. पण तो खटला जामिनाचा होता. गायीच्या श्वासाची तपासणी कुणी मागितली नव्हती आणि झालीही नाही. न्यायालय कायदा सांगतं, उच्छ्वासातल्या वायूचं प्रमाण मोजायला गॅस अ‍ॅनालायझर लागतो. उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीही 2019 मध्ये हेच म्हटलं होतं. त्यांच्याकडेही तसं यंत्र नव्हतं.

राहता राहिला इथिलीन ऑक्साइड. हा वायू आहे खरा आणि दवाखान्यांत वापरतातही, पण शस्त्रक्रियेची साधनं निर्जंतुक करायला, कारण तो जिवाणू मारतो. माणसाला तो कर्करोगकारक आहे. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली ती याच्याच अंशामुळे. तूप-तांदूळ जाळून तो मिळतो याला पुरावा मला कुठे दिसला नाही. मिळत असता, तर होमापासून दोन हात लांब बसा असं सांगावं लागलं असतं.