पुन्हा तेच बाड

परिषद चार दिवसांची, विषय विद्यार्थ्यांचा रोजगार. आणि दर वेळी युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी मीच सिद्ध करत बसते की बाई, मला नोकरी आहे हो, मी परत येणार आहे! वर्षभर पोरांना नोकऱ्या मिळवून देणारी मी, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचं रिटर्न आणि ना हरकत पत्राचं बाड छातीशी धरून नाशिकहून पहाटेच मुंबई गाठते. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरच हवा. विमा किमान 30,000 युरोंचा. फी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी ती गेलीच.

या खेपेला काउंटरवरच्या मुलाने ना हरकत पत्र उजेडात धरलं. "मॅडम, शिक्का अर्धाच उमटलाय." अरे, आमच्या ऑफिसातलं स्टॅम्पपॅड दिवाळीपासून कोरडं आहे, त्याला मी काय करू? आणि गंमत म्हणजे हाच मुलगा फाइल परत देताना हळूच विचारतो, "तुमच्याकडे प्लेसमेंटला बाहेरच्यांना घेतात का?"

व्हिसा येतो तो विमान सुटायच्या दोन दिवस आधी, तोही तारखा मोजून. तोवर स्टाफरूममध्ये सुरू झालेलं असतंच, "मजा आहे बुवा तुमची! येताना चॉकलेटं आणा."