पहिल्या धडकेनंतरचे यार्ड

गुरुवारी, २४ एप्रिल २०२५ ला, ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट सुरू होतोय आणि डॅलसजवळच्या आमच्या फ्रिस्कोत सध्या दुसरा विषय नाही. ऑफिसात तेच, भाजी घेताना तेच, परवा एका मुंजीच्या पंगतीतही तेच: ॲश्टन जेंटी बाराव्या नंबरपर्यंत उरला, तर डॅलस काउबॉईजनी त्याला घ्यावं का? पंगतीत बोलणं अर्धवट राहिलं. उरलेलं इथे लिहितेय, आणि सविस्तर लिहितेय.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याच्या) मागे किंवा शेजारी उभा राहून चेंडू घेणारा आणि थेट माणसांच्या भिंतीत शिरणारा गडी. कॉलेजची पोरं एनएफएलमध्ये येतात ती ड्राफ्टमधून. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि गेल्या हंगामात ज्याची सगळ्यात वाईट गत झाली त्याचा नंबर आधी. काउबॉईज ७ सामने जिंकले, १० हरले, म्हणून त्यांचा नंबर बारावा.

जेंटी हा बॉयसी स्टेट या कॉलेजचा रनिंग बॅक. गेल्या हंगामात ३७४ वेळा चेंडू घेऊन धावला, २,६०१ यार्ड, २९ टचडाऊन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं). १९८८ मध्ये बॅरी सँडर्सनी केलेल्या २,६२८ च्या विक्रमाला २७ यार्ड कमी पडले. (सँडर्सनी ते अकरा सामन्यांत केले होते, जेंटीला चौदा मिळाले. हे सांगायलाच हवं.) कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात ट्रॅव्हिस हंटरच्या खालोखाल दुसरा. वडील अमेरिकी नौदलात, त्यामुळे पोरगा फुटबॉल खेळायला लागला तो इटलीत, नेपल्सला, आणि शाळा संपवली ती आमच्या फ्रिस्कोत, लोन स्टार हायस्कूलला. त्या वर्षांत माझा मुलगा इथल्याच दुसऱ्या शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. दर शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्याला मी स्टेडियमच्या लोखंडी बाकावर बसलेली असायचे, पण जेंटीचं नाव तेव्हा माझ्या कानावरही आलेलं नव्हतं.

त्या बाकांवरच मी हा खेळ शिकले. शेजारी एक टेक्सन आजोबा बसायचे, त्यांचा नातू संघात होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं की चेंडूकडे बघू नकोस, रनिंग बॅकला वाट करून देणाऱ्या पुढच्या पाच जाड्या पोरांचे पाय बघ, चेंडू कुठे जाणार ते पाय सांगतात. आणि रनिंग बॅककडे बघायचं असेल तर त्याला पहिला हात लागतो तिथपासून बघ, त्याआधीचं सगळं त्या पाच जणांचं. मी अजून तसंच बघते. सामना रेकॉर्ड करते, मागे घेते, पहिल्या धडकेला थांबवते आणि तिथून पुढचे यार्ड वहीत लिहिते. दोन खाने, धडकेआधी आणि धडकेनंतर.

मला हे लगेच पटलं कारण मी सांगलीत शाळेत असताना कबड्डी खेळले आहे. चढाईला गेल्यावर घोट्याला पहिला हात लागतो तो क्षण अजून अंगात आहे. तिथे वेगाचा काही उपयोग नसतो. कंबर खाली आहे का, दुसरा पाय मोकळा आहे का, आणि दोघी-तिघी अंगावर असताना मध्यरेषेकडे हात लांबवायचं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच. आमच्या बाई म्हणायच्या, पकड झाल्यावर चढाई सुरू होते. जेंटीला बघताना मला बाईच आठवतात. पाच फूट साडेआठ इंच उंची, २११ पौंड वजन, आणि सगळा भार मांड्यांत. चेंडू मिळण्याआधी तो इतरांसारखा वाकून उभा राहत नाही, ताठ, हात खाली सोडून, बस स्टॉपवर उभं राहावं तसा. मग चेंडू हातात येतो, लाइनबॅकर, म्हणजे समोरचा बचावपटू, खांद्यावर आदळतो, जेंटी अर्धी गिरकी खातो, एक तळवा गवताला लागतो आणि तो पुन्हा उभा होऊन चार यार्ड पुढे गेलेला असतो. त्याच्या २,६०१ यार्डांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हे असे, पहिली धडक बसल्यानंतरचे आहेत. वही मिटून ठेवावी असा हा आकडा आहे.

यावर लोक म्हणतात की माउंटन वेस्ट या बॉयसीच्या गटातल्या कच्च्या संघांसमोर काय, कुणीही करेल. बरोबर आहे, विचारायलाच हवं. म्हणून मी त्याचे दोनच सामने पुन्हा पुन्हा पाहिले. सप्टेंबरमध्ये ओरेगनला, त्यांच्या घरच्या मैदानावर, २५ धावांत (धाव म्हणजे चेंडू घेऊन एकदा धावणं) १९२ यार्ड आणि तीन टचडाऊन. बॉयसी ३७-३४ हरली, पण त्याला अडवणं ओरेगनला जमलं नाही. दुसरा ३१ डिसेंबरचा फिएस्टा बोल, पेन स्टेटविरुद्ध. तिथे ३० धावा आणि १०४ यार्ड, चेंडूही हातातून सुटला, संघ ३१-१४ हरला आणि विक्रम हुकला. ज्यांना तो नको आहे ते हाच सामना पुढे करतात.

मी म्हणते, हाच सामना नीट बघा. बहुतेक वेळा चेंडू हातात येतो तेव्हा पेन स्टेटचा माणूस बॉयसीच्या पुढच्या पाच जणांची भिंत फोडून आधीच आत आलेला आहे. पुढचे पाच जण ढकलले जाऊन त्याच्याच पायात येतायत. दुसरा कुणी असता तर कितीदा मागे फेकला गेला असता. हा एकाला चुकवून, दुसऱ्याला अंगावर घेऊन दोन-तीन यार्ड काढतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो. तीस वेळा. चेंडू सुटला ही चूक मोठीच, ती मी झाकत नाही. पण ज्या दिवशी समोर काहीच मोकळं नसतं त्या दिवशी पोरगा काय करतो, हे बघायला ड्राफ्टच्या आधी याहून चांगली संधी मिळत नाही.

पुढच्या पाच जणांचा विषय निघालाच आहे तर रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीचं बोलू. आम्हा काउबॉईजवाल्यांना ते नाव जड जातं. २०१८ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सनी त्याला दुसऱ्या नंबरला घेतलं. २०२३ मध्ये तिथे तो २४७ धावांत ९६२ यार्ड करतो, म्हणजे धावेमागे ३.९. जायंट्स त्याला सोडतात, तो फिलाडेल्फियाला जातो आणि २०२४ मध्ये ३४५ धावांत २,००५, धावेमागे ५.८. माणूस तोच, गुडघे तेच, वय एका वर्षाने जास्त. बदलली ती त्याला वाट करून देणारी पुढच्या पाच जणांची भिंत. शेवटचे १६७ यार्ड त्याने आमच्याविरुद्धच काढले, २९ डिसेंबरला, ४१-७ अशा सामन्यात. मी तो शेवटपर्यंत पाहिला. फेब्रुवारीत फिलाडेल्फियाचे ईगल्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले.

यावरून आमचे एक स्नेही म्हणतात की मग रनिंग बॅकवर पहिला पिक घालवायचाच कशाला, गार्ड (त्या पुढच्या पाचांतला एक) घ्या, आपला गार्ड झॅक मार्टिन नुकताच निवृत्त झालाय. त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं अजिबात नाही. काउबॉईजचाच इतिहास बघा. २०१६ मध्ये चौथ्या नंबरला इझिकिएल एलियट घेतला, पहिल्याच वर्षी १,६३१ यार्ड काढून तो लीगमध्ये पहिला आला. पण त्याच्यापुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन होते, तिघेही पहिल्या फेरीतले. २०१९ मध्ये त्याला सहा वर्षांसाठी ९ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला आणि २०२३ मध्ये सोडून दिलं. दुसरीकडे, गेल्या हंगामात याच संघासाठी १,०७९ यार्ड काढले ते रिको डाउडलने, ज्याला २०२० च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. टेरेल डेव्हिस १९९५ मध्ये १९६ वा निवडला गेला आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. उलट २०१२ मध्ये तिसऱ्या नंबरला घेतलेल्या ट्रेंट रिचर्डसनला क्लीव्हलँडने दुसऱ्याच हंगामात इंडियानापोलिसला देऊन टाकलं.

हे सगळं मान्य करूनही मी जेंटीच्या बाजूने आहे, आणि कारण वहीतल्या दुसऱ्या खान्यात आहे. भिंत चांगली असेल तर बरेच बॅक चांगले दिसतात. भिंत पडलेली असताना यार्ड काढणारा एखादाच असतो, आणि आमची भिंत सध्या पडलेली आहे. मार्टिन गेला, डाउडल कॅरोलायनाला गेला. म्हणजे गार्डही हवा आणि बॅकही हवा. त्यात ज्याच्यासारखा दुसरा या वर्षी नाही, तो आधी घ्यावा.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. जेंटीच्या विरोधात मुद्दा म्हणून सांगितलं जातं की त्याच्या अंगावर ‘मायलेज’ फार झालंय, तीन वर्षांत ७५० धावा. गाडीबद्दल बोलावं तसं बोलतात. नियम असा की शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये येताच येत नाही. म्हणजे ज्या वयात पाय सगळ्यात ताजे, त्या वयात कॉलेजसाठी धावायचं. मग ड्राफ्ट झाला की पहिला करार चार वर्षांचा, त्याची रक्कम नंबरावर ठरलेली, पहिल्या फेरीत असाल तर संघाच्या हातात पाचवं वर्षही. तो संपेपर्यंत पोरगा पंचविशी ओलांडतो आणि मग हेच लोक म्हणणार, आता याला मोठा करार कशाला, मायलेज झालंय. कॉलेजने ३७४ वेळा चेंडू दिला तो पोराने मागितला म्हणून नव्हे, संघाकडे दुसरा मार्ग नव्हता म्हणून. २०२३ नंतर दुसऱ्या कॉलेजांकडून जास्त पैसे मिळत असताना तो बॉयसीतच थांबला. त्याच निष्ठेच्या धावा आज त्याच्या नावापुढे खोट म्हणून लिहिल्या जातायत. धोका खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. काउबॉईजच्याच डीमार्को मरेने २०१४ मध्ये ३९२ धावांत १,८४५ यार्ड काढले आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात ७०२ वर आला. शरीर झिजतं. पण मग हिशेब सगळा मांडा. पहिली चार-पाच वर्षं सगळ्यात चांगली असणार असतील, तर तीच वर्षं तुम्हाला स्वस्तात मिळतायत, मग तक्रार कसली?

ड्राफ्टआधी वेग मोजायला घेतात त्या चाळीस यार्डांच्या शर्यतीबद्दल मी फार लिहिणार नाही. जेंटी यंदा ती धावलाच नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. २००८ मध्ये क्रिस जॉन्सन ४.२४ सेकंदात धावला आणि पुढच्याच वर्षी त्याने २,००६ यार्ड काढले, हे खरं. पण कायरन विल्यम्स ४.६५ मध्ये धावला, पाचव्या फेरीत गेला आणि २०२३ मध्ये रॅम्ससाठी १,१४४ यार्ड काढून बसला.

मला जास्त काळजी वाटते ती चेंडू हातात नसतानाची. समोरून लाइनबॅकर सुटतो, दोन सेकंदांत क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणार असतो, आणि मध्ये उभा असतो फक्त रनिंग बॅक. आमच्या क्वार्टरबॅकचं, डॅक प्रेस्कॉटचं, गेलं वर्ष नोव्हेंबरमध्येच दुखापतीने संपलं, त्यामुळे आम्हाला हा विषय नाजूक आहे. यात या वर्षी माझ्या मते सगळ्यात तयार पोरगा ओहायो स्टेटचा ट्रेव्हियन हेंडरसन आहे. तो थांबून धडक खात नाही, एक पाऊल पुढे टाकून दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीत देतो. वर चाळीस यार्ड ४.४३ सेकंदांत. जानेवारीत आर्लिंग्टनच्या कॉटन बोलमध्ये टेक्सासविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर एक छोटा पास घेऊन तो ७५ यार्ड निघून गेला, आणि आमच्या घरात टेक्सासचे कपडे घालून बसलेली सगळी पोरं गप्प झाली. त्याचा जोडीदार क्विनशॉन जडकिन्सशी चेंडू वाटून घेतल्यामुळे त्याच्या धावा फक्त १४४ झाल्या. मायलेजवाल्यांनी खूश व्हायला हरकत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचा ओमारियन हॅम्प्टन अंगाने भक्कम, २२१ पौंड, १,६६० यार्ड. कुणी म्हणतात जेंटी गेला तर बाराव्याला हा घ्या. मला नाही पटत. हॅम्प्टन चांगला आहे, पण त्याच्यासारखे दुसऱ्या फेरीत आणखी तिघे-चौघे मिळतील, कारण यंदाचा हा वर्ग फार भरलेला आहे. आयोवाचा केलेब जॉन्सन मोकळी वाट मिळाली की सुंदर धावतो. व्हर्जिनिया टेकचा भेशुल ट्यूटन विजेसारखा, पण चेंडू सोडतो.

आणि ॲरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटबो. ७ डिसेंबरला आर्लिंग्टनला बिग १२ चा अंतिम सामना मी मुलासोबत जाऊन पाहिला. आयोवा स्टेटविरुद्ध १७० यार्ड. तो वेगवान नाही, दिसायलाही धावपटूसारखा नाही. पण आमच्या रांगेसमोर तिघांनी धरल्यावर त्याचे पाय चालतच राहिले, आणि ते तिघे त्याच्याबरोबर मागे सरकत होते. ते बघून मी बाकावरून उठले. तिसऱ्या फेरीत ७६ व्या नंबरला तो उरला असेल तर डोळे मिटून घ्यावा.

सहाव्या नंबरला लास व्हेगास जेंटीला उचलेल असं बरेच जण म्हणतायत. तसं झालं तर मग माझ्या स्नेह्यांचंच ऐका, बाराव्याला गार्ड घ्या, आणि शुक्रवारी ४४ व्या नंबरला हेंडरसन. पण तो बारापर्यंत आला, आपल्याच गावात शिकलेला पोरगा, आणि त्याला जाऊ दिलं, तर पुढची पाच वर्षं मी वहीच्या दुसऱ्या खान्यात त्याचेच यार्ड लिहीत बसणार.