फोटोत ताईच्या एका पायात चप्पल नाही

सकाळी सातला ग्रुपवर फोटो आला. मागे भलामोठा फलक, 'सर्वांना सामावून घेणारा समाज'. पुढे हात जोडलेले साहेब. शेजारी रिबीन बांधलेल्या कोऱ्या व्हीलचेअरवर माझी ताई. डाव्या पायात चप्पल आहे, उजवा पाय अनवाणी. तासभर त्या पायाकडेच बघतोय आणि डोकं फिरलंय माझं.

कार्यक्रम अकराचा होता. साहेब आले दीडला. ताईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाहेर जायचं असलं की ती पाणी पीतच नाही, कारण तिथल्या संडासाच्या दारातून खुर्ची जाईल की नाही याचा कधीच भरवसा नसतो. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. 'सगळी सोय आहे' म्हणाले. जाऊन बघितलं तर दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद. वर सभागृहातल्या खुर्च्या जमिनीत स्क्रू मारून बसवलेल्या, व्हीलचेअर उभी करायला एक मोकळा कोपरासुद्धा नाही. म्हणून आम्ही सगळे शेवटच्या रांगेच्या मागे, दाराच्या तोंडाशी. पुढच्या दोन रांगा पदाधिकाऱ्यांना.

मग नावं पुकारायला लागले. स्टेजला सात पायऱ्या, आणि रॅम्प नाही. दिव्यांगांना साहित्यवाटप ठेवलंय आणि स्टेजला रॅम्प नाही! मी म्हटलं, साहेबच येऊ देत खाली, सात पायऱ्या तर उतरायच्या आहेत. तो बिल्ला लावलेला पोरगा म्हणतो, 'खाली लाइट नाही दादा, फोटो नीट येत नाही.' मी पुढे काही बोलायच्या आत चौघांनी ताईला उचललं. विचारलं नाही. एकानं काखेत हात घातले, एकानं गुडघ्यांखाली. बेचाळीस वर्षांची बाई आहे ती. वीस वर्षं मुलांना गणित शिकवतेय. आणि चार परके पुरुष तिला पोत्यासारखी उचलून नेतायत, भरलेलं सभागृह बघतंय, टाळ्या वाजतायत. ओढणी सरकली ती सावरायला तिचा हात मोकळा नव्हता. तिसऱ्या पायरीवर चप्पल पडली. ती 'चप्पल, चप्पल' म्हणत होती, मला मागून ऐकू येत होतं. चौघांतल्या एकालाही ऐकू आलं नाही.

वर कोऱ्या खुर्चीत बसवलं, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, फोटो झाला, पुन्हा उचललं, खाली आणलं. खुर्ची राहिली वरच. तिच्यातच पुढच्या प्रत्येकाला बसवून फोटो काढले. 'खऱ्या खुर्च्या यादीप्रमाणे घरपोच येतील.'

आणि ताईनं खुर्ची मागितलीच नव्हती हो! तिची स्वतःची आहे, तिच्या मापाची, स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिनं मागितला होता उतार. वाचनालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, तिथे उतार करून द्या, एवढंच. तीन वर्षांत तीन अर्ज. स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा हा राज्य सरकारचाच आदेश आहे, त्यातून करा, असंही तिनं लिहून दिलं होतं. त्या अर्जांना ओळीचं उत्तर नाही. अर्जावरचं नाव मात्र कुणीतरी उचलून वाटपाच्या यादीत घातलं.

भाषण पंचवीस मिनिटं चाललं. मायेचा समाज, संवेदनशील समाज, 'कुणालाही मागे ठेवणार नाही.' आम्ही ते दाराच्या तोंडाशी बसून ऐकलं.

माझा आता या माणसांच्या दयेवर काडीचा विश्वास नाही, आणि का नाही तेही सांगतो. दयेला मुदत नसते. म्हणूनच ती त्यांना आवडते. ज्याला मुदत होती तो कायदा यांनी पाळला नाही. अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा १९९५ चा. २००७ साली भारतानं अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर मोहोर उमटवली. त्याच वर्षी सुरू झालेल्या अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या दस्तऐवजाच्या नावातच सर्वसमावेशक विकास होता. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान, म्हणजे सार्वजनिक जागा अपंगांना वापरता येतील अशा करायची मोहीम, आणि महिना संपायच्या आत 'अपंग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द. मग २०१६ चा कायदा. ७ प्रकारच्या अपंगत्वांचे २१ झाले, नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ झालं, ते चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण त्याच कायद्यात लिहिलंय की सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती, नियम आल्यापासून ५ वर्षांत, अपंग माणसाला जाता-येता येईल अशा करा. नियम आले जून २०१७ ला. म्हणजे मुदत संपली जून २०२२ ला. ताईच्या दुसऱ्या अर्जात ही तारीख लाल पेननं अधोरेखित आहे. अर्ज घेणाऱ्या बाईंनी ती वाचलीसुद्धा नाही, शिक्का मारला आणि 'पुढे या' म्हणाल्या. पुढे कुठे यायचं? त्यांचा विभाग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेचा जो नियम केलाय तो नुसता शिफारशींचा आहे, कायद्याशी विसंगत आहे, ३ महिन्यांत बंधनकारक नियम करा. सात वर्षं आमची माणसं नियम म्हणून जे कागद पुढे करत होती तो निव्वळ सल्ला होता! आणि या पक्षाचं, त्या पक्षाचं मला सांगू नका. १९९५ पासून सगळे सत्तेत बसून उठलेत.

जिथे रॅम्प आहे तिथलंही ऐका. आमच्या बँकेला आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हा साधा हिशोब आहे. बँकेचा रॅम्प घसरगुंडीसारखा, मागून दोघांनी रेटल्याशिवाय खुर्ची चढत नाही. त्यावर रोज तीन-चार गाड्या लावलेल्या. हलवा म्हटलं की 'दोनच मिनिटं' म्हणतात. ते दोन मिनिटंवाले माझ्या डोक्यात जातात. इमारतीची लिफ्ट, तीही सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते. कुणी काढली ही नकाशे मंजूर करणारी माणसं!

आणि यांना जमत नाही असं अजिबात नाही. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांपुढच्यांना घरून मतदानाची सोय होती. ताईनं अर्ज भरला. ठरलेल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला, सगळे आमच्या दारात. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आम्हाला सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, तिचं मत गुप्त राहिलं पाहिजे म्हणून. अधिकारी नम्रपणे बोलत होते, 'मॅडम, घाई नाही' म्हणत होते. ताई दिवसभर खुशीत होती. तिच्या मतासाठी अख्खं पथक दारात येतं, आणि वाचनालयाच्या तीन पायऱ्यांसाठी तीन वर्षांत एक गवंडी येत नाही. हे मला कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं.

काल परत येताना ताई काही बोलली नाही. घरी आल्यावर आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग म्हणाली, 'उचलू का, एवढं विचारायला काय लागतं रे?' वर्गात चाळीस पोरांना एका नजरेनं गप्प करणारी बाई. तिचा असा आवाज मी आईच्या वेळेनंतर ऐकला नव्हता.

आत्ता तो फोटो तिला दाखवला. दोन बोटांनी मोठा करून तिनं पाय बघितला. 'खाली लिही,' म्हणाली. 'पाय अनवाणी का आहे ते लिही. आणि वाचनालयाच्या अर्जांच्या तिन्ही तारखा टाक.'

मी लिहिलं. तिन्ही तारखा टाकल्या. वीस मिनिटांत तो फोटो काढून टाकला त्यांनी, माझं लिहिलेलंही गेलं, आणि त्याच जागी तोच फोटो पुन्हा आला, फक्त कमरेपासून वरचा.