बाळाला सर्दी झालीय? मग वाट कसली बघताय!

सगळ्यात आधी, डॉक्टरांकडे जाऊ नका. तासभर ताटकळल्यावर तिथे काय ऐकायला मिळतं, तर "औषध नको, नाकात सलाइनचे थेंब सोडा आणि दूध पाजत राहा." याला फी मोजायची? त्यापेक्षा कोपऱ्यावरचं मेडिकल गाठा. "दीड वर्षाचा आहे, रात्रभर झोप नाही," एवढंच म्हणा. कुणाला झोप नाही, ते काउंटरवरचा भाऊ बरोबर ओळखतो.

सर्दीच्या सिरपची बाटली घरी आली की लेबल वाचू नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायचा आदेश २०२३ मध्ये निघाला. निघू दे! आपला बाळू वयाच्या मानाने थोराड आहे.

सोबतचं मापाचं झाकण हरवलं असेलच. मिसळणाच्या डब्यातला चमचा घ्या. मागच्या महिन्यातले तापाचे थेंब उरलेत? तेही सिरपच्या मापाने पाजा. त्या थेंबांच्या एका मिलीत १०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल आणि सिरपच्या पाच मिलीत १२५, म्हणजे चौपट फरक, असले हिशेब शाळेत सुटले नाहीत ते आता कशाला? सर्दीच्या औषधातही कधीकधी पॅरासिटामॉल असतंच. असू द्या, दुप्पट गुण.

आणि संशय तर मुळीच घेऊ नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या इस्पितळांत आणलेली. तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, चालतं ०.१ टक्का. पण ते मध्य प्रदेशात. आपल्याकडे असलं काही होत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते, पण ते ग्लिसरीन होतं, सिरप नव्हे. औषध पाजल्यावर बाळाची लघवी कमी झाली, तर घाबरून धावाधाव नको. दुपटी वाचली म्हणा.

रसायनांची भीती वाटत असेल तर नैसर्गिक मार्ग आहेच. सहा महिन्यांच्या बाळाला मध चाटवा. वर्षाच्या आत मधातल्या जंतूंनी बॉट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो म्हणतात, पण आत्याबाई म्हणतात, आम्ही नाही का वाढलो? (जे वाढले नाहीत, ते सांगायला येत नाहीत, ही मोठीच सोय.) जायफळही सढळ हाताने उगाळा. शिवाय प्रतिकारशक्तीच्या गोड गोळ्या आणा, हाताला लागतील अशाच ठेवा. चॉकलेट समजून मूठभर खाल्ल्या तर प्रतिकारशक्तीही मूठभर वाढेल.

उरलेलं सिरप मात्र टाकू नका. शेजारच्या वहिनींचं बाळ सकाळपासून शिंकतंय.