बॅटरीवरचा खटला

आमच्या बेळगावात एखादी गाडी सकाळी सुरू झाली नाही की तिचा निकाल बोनेट उघडण्याआधीच लागलेला असतो, आणि तो नेहमी एकच असतो: बॅटरी गेली. पुरावा मागण्याची पद्धत नाही आणि आरोपीला बाजू मांडण्याची संधी तर मुळीच नाही. गेल्या पावसाळ्यात माझी जुनी पेट्रोल गाडी सेल्फ मारल्यावर ‘टक्’ एवढाच उद्गार काढून गप्प बसू लागली, तेव्हा समोरच्या किराणा दुकानदाराने तराजूवरची नजरही न हलवता हा निकाल दिला, दूधवाल्याने त्याला अनुमोदन दिले आणि खानापूरहून आलेल्या आत्याने सुतकी आवाजात, "किती वर्षांची होती रे?" असे विचारले.

शेजारचे सुभेदार काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले आहेत. बॅटरी गेली हे त्यांनाही मान्य होते, परंतु त्यांच्या मते ती गोष्ट किरकोळ होती. "ढकला की! आमची जीप आम्ही पठाणकोटला बॅटरीशिवाय चालवलीय," असे म्हणून त्यांनी लुंगी खोचली. जुन्या जीपमध्ये डायनामो असे आणि त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व उरलेले असल्यामुळे तो फिरला की आपोआप वीज देऊ लागे. त्याच्या जागी आलेल्या आजच्या अल्टरनेटरला मात्र सुरुवातीला रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, चुंबकत्व निर्माण करण्यासाठी बॅटरीचाच थोडा करंट उसना घ्यावा लागतो, शिवाय पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा संगणकही तिच्याच जिवावर चालतात. बॅटरीत थोडीफार धुगधुगी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का लागू पडतो. ती पूर्ण उतरली असेल तर गाडी ढकलल्याने फक्त ढकलणाऱ्यांची प्रकृती सुधारते. हे सर्व मी काकांना समजावून सांगेपर्यंत त्यांनी गाडी गल्लीच्या उतारावर नेली होती आणि सुदैवाने ती सुरूही झाली, त्यामुळे माझे विज्ञान तिथेच संपले.

खरा त्रास रस्त्यावर होता. जांबोटीकडचा पाऊस टिळकवाडीत येऊन मुक्काम ठोकतो तेव्हा हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि मागच्या काचेची तापणारी तार हे सगळे एकदम चालू ठेवावे लागते, आणि नेमके तेव्हाच रेल्वे गेट पडलेले असते. इंजिन संथ फिरत असताना अल्टरनेटरची कमाई कमी आणि खर्च मात्र पूर्ण, अशी ती वेळ. माझे हेडलाइट गेटपाशी पिवळे पडत आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा उजळत. मागच्या रिक्षावाल्याला वाटले, मी त्याला इशारा देतो आहे. तो खाली उतरून, छत्री उघडून, काय म्हणता ते विचारायला आला, आणि अर्थातच त्यानेही बॅटरी गेल्याचे सांगितले.

बॅटरीच्या दुकानात गेलो तर तिथल्या मुलाने नवीन बॅटरीचा भाव सांगितला, जुनीचे पैसे वळते करून दाखवले आणि वर म्हणाला, "मामा, बदलूनच टाका." डायनामो दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो (अल्टरनेटरला आमच्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात) तर त्याने बॅटरी ठीक असल्याची ग्वाही देऊन कार्बन, बेअरिंग आणि डायोड प्लेट अशी यादी लिहायला घेतली. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने ज्याचा निकाल देऊनही जो मिटला नाही आणि २००४ पासून जो सर्वोच्च न्यायालयात आहे, त्या सीमावादात वाढलेल्या माणसाला दोन पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याचे नवल वाटत नाही. मात्र बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्यातला वाद काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने मिटतो, हा फरक लक्षात घेऊन मी तो विकत आणला.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीने १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवावे, माझी १२.२ दाखवत होती, म्हणजे जेमतेम अर्धी भरलेली. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत; माझ्याकडे दिवे लावून १३.१ आले. पंधराच्या वर गेले असते तर रेग्युलेटर बिघडल्याचे कळले असते आणि बारावरच राहिले असते तर चार्जिंग बंद असल्याचे कळले असते, १३.१ हा मात्र, पास म्हणावे तर पटत नाही आणि नापास म्हणावे तर पेपर पुन्हा तपासायला द्यावासा वाटतो, असा आकडा होता. बेल्ट ताठ होता. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागत होता आणि इंजिन सुरू होताच विझत होता, म्हणजे त्याचे वागणे अगदी नियमाप्रमाणे होते. हा दिवा चावी फिरवूनही लागलाच नाही तर लोक खूश होतात, वास्तविक तेव्हा अधिक काळजी करायला हवी.

या टप्प्यावर एका जुन्या मेस्त्रींनी, चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहू, गाडी बंद पडली तर डायनामो खराब, असा प्रयोग सुचवला आणि पानाही लावला. जीपच्या काळात हे खपून जात असे. आता चालू इंजिनावर बॅटरी अलग केली तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनाचा संगणक या दोघांचीही आहुती पडू शकते. मी मेस्त्रींचा हात धरला. ते रागावले आणि चहाही न पिता गेले.

शेवटी उद्यमबागेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हा गृहस्थ कानडीत विचार करतो, मराठीत बोलतो आणि बिल हिंदीत सांगतो. त्याने मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि दुसरी अल्टरनेटरच्याच अंगावर टेकवली: १४.३. म्हणजे अल्टरनेटर पुरेसे देत होता. ते बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हते. मग दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून त्याने अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजले: ०.१. चालेल. नंतर बॅटरीच्या मायनसपासून अल्टरनेटरच्या अंगापर्यंत: १.१. तिथे ०.२ च्या वर आकडा यायला नको. त्याने मीटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "अर्थिंग सरी इल्ल री," म्हणजे अर्थिंग बरोबर नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे करंटला बॅटरीच्या मायनसकडे परतायला इंजिनाला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. माझ्या गाडीतली ती पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला होती. तिच्या बोल्टाखाली हिरवी भुकटी साचली होती आणि निम्म्याहून अधिक धागे तुटलेले होते. चार्जिंगचा करंट याच वाटेने जायचा आणि सेल्फचा त्याहून कितीतरी मोठा करंटही याच वाटेने, म्हणून तो ‘टक्’. पट्टी निकामी झाली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून सुद्धा, आणि ती केबल तापते. पट्टी काढताना त्याने आधी बॅटरीचा मायनस सोडला, बॉडीवरचा गंज लखलखीत होईपर्यंत घासला आणि नवीन पट्टी आवळली. दिवे, ब्लोअर, सगळे चालू करून बॅटरीवर मोजले तर १४.१. बिल "दो सौ" झाले, त्यात पट्टीही आली.

बॅटरी पुढे रात्रभर चार्जरवर ठेवली आणि ती पूर्ववत झाली. तिची टोके मी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतली, पुसली आणि गंज धरू नये म्हणून त्यांना पेट्रोलियम जेली लावली. ती डबी आईच्या टाचांच्या भेगांसाठी होती. ती तेव्हापासून डबी शोधते आहे आणि सुभेदार काकांनी तिला सांगून ठेवले आहे, की डबी बॅटरीने खाल्ली.