कुत्रा, बकरी आणि तो बीनचा आकार : सरांच्या कॉमेंटला जरा लांबलेलं उत्तर

सर, तुमच्या कॉमेंटखाली "धन्यवाद, विचार करते" एवढं टाइप करून मोकळं होणं बरोबर वाटेना, म्हणून इथे वेगळं लिहितेय. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी प्राण्यांच्या जेस्चर ड्रॉइंगबद्दल (म्हणजे झटपट रेखाटनात जनावराची हालचाल आणि पवित्रा पकडणं) लिहिलं होतं, की सुरुवातीला डोळे, नाक, केस सगळं सोडून द्या, डोकं, छाती आणि कंबर या तीन मोठ्या भागांचे कललेले, ताणलेले आकार (मी त्यांना डायनॅमिक शेप म्हणते) पकडा, तीस सेकंदांत, पेनने, खोडरबर न घेता. त्यावर सर, जे शाळेत चित्रकला शिकवतात आणि मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसवतात, त्यांचं म्हणणं असं की हा आळशी लोकांचा शॉर्टकट आहे, सांगाडा आणि स्नायू पाठ झाल्याशिवाय प्राण्याला हात लावू नये, तीस सेकंदांत नुसत्या रेघोट्या होतात, मोबाइलमध्ये हवे तेवढे फोटो असताना रस्त्यावर कुत्र्यांच्या मागे उभं राहायची गरज नाही, हे सगळं बाहेरून आलेलं इन्स्टाग्रामी फॅड आहे, आणि असं शिकणाऱ्या सगळ्यांची चित्रं शेवटी एकसारखी कार्टूनी दिसतात. आणि हो, जाता जाता एक प्रश्नही विचारलाय, की मग आठवीच्या वर्गाला यातलं नक्की काय द्यायचं.

शेवटच्या आक्षेपापासून सुरू करते, कारण तो सगळ्यात खरा आहे. दिसतातच एकसारखी. कुणीतरी व्हिडिओत एक बीन (राजम्याच्या दाण्यासारखा आकार) काढतं, तिला चार पाय लावले की कुत्रा, शिंगं लावली की बकरी, मान लांब ओढली की घोडा, आणि बघणारा तेवढंच पाठ करून वही भरतो. पण तो आकार प्राण्याकडे बघून आलेला नसतोच ना, तो घरूनच ठरवून नेलेला असतो. मी ज्याला डायनॅमिक शेप म्हणतेय तो समोरच्या जनावराकडूनच घ्यायचा असतो आणि दर वेळी वेगळा निघतो, नाही निघाला तर समजायचं आपण बघितलंच नाही.

म्हणजे कसं ते सांगते. आपल्या गल्लीतला कुठलाही कुत्रा बाजूने बघा, छाती खोल, पार कोपरापर्यंत उतरलेली, आणि तिथून पोटाची रेघ वर चढत मांडीत जाते, आकार पुढे जड आणि मागे निमुळता. आता बकरी ईदच्या आधी ठाण्यातल्या राबोडीत चक्कर मारा, तिथे दारोदार बकरे बांधलेले असतात. बकऱ्याचं बरोबर उलटं, पाठ जवळजवळ सरळ आणि पोट खाली सुटलेलं, आणि मागून बघितलं तर डावी बाजू जास्त फुगलेली, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांतला सगळ्यात मोठा कप्पा डावीकडे असतो, पोटभर खाल्लेलं असलं की तो बाहेरून कळतो. म्हैस घ्या, मागून बघितली तर कंबरेची हाडं दोन्हीकडे वर आलेली, चौकोनाच्या वरच्या दोन कोपऱ्यांसारखी, आणि मान पाठीच्याच लेव्हलला पुढे काढलेली. तिघांना एकच बीन लावणं म्हणजे निव्वळ कंटाळा आहे सर, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.

आणि डायनॅमिक का म्हणायचं, तर आकार नुसता आडवा पडलेला नको, त्यात ओढ दिसायला हवी. कुत्रा मान मागे वळवून शेपटीजवळ चावतोय असं समजा, त्याची एक बाजू पूर्ण ताणलेली असते आणि दुसरी चेपलेली. ताणलेल्या बाजूला एकच लांब, साधी रेघ पुरते, चेपलेल्या बाजूला मात्र कातडीच्या वळ्या, बरगड्या आणि मांडी एकमेकांत घुसतात, तिथे रेघ तुटते आणि एकावर एक चढते. दोन्ही बाजूंना सारखी वळणदार रेघ दिली की उशी होते. एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. तुमच्या रेघोट्यांच्या तक्रारीवरही माझ्याकडे हेच उत्तर आहे. केसाळ, दहादा गिरवलेली रेघ मलाही नकोच आहे, ती येते कारण काढणाऱ्याने कडेवरून सरकत सरकत जायचं ठरवलेलं असतं. आख्खा आकार आधी डोळ्यांत घेतला की रेघ एकदाच पडते, चुकीची पडली तर चुकीची, बाजूला दुसरा कुत्रा काढा, पाठकोऱ्या कागदाला काय पैसे पडतात. आणि तीस सेकंदांची अट हात फास्ट व्हावा म्हणून नाहीच आहे, ती आहे नखं आणि मिशा काढायला वेळच मिळू नये म्हणून.

आता मोठा मुद्दा, आधी सांगाडा की आधी शेप. ॲनाटॉमी नकोच असं मी कुठे लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. माझं म्हणणं एवढंच आहे की ॲनाटॉमी उत्तर म्हणून आली पाहिजे, आणि उत्तर यायला आधी प्रश्न पडावा लागतो. मांजर चालताना काढायला बसा. आकार बरोबर घेतलात तर पाठीच्या रेघेच्या वर, मानेच्या जरा मागे, एक उंचवटा येतो, मग तो खाली जातो आणि दुसऱ्या बाजूचा वर येतो. हे काय आहे? मग पुस्तक उघडा. खांद्याचं हाड, म्हणजे फरा, हा मांजराच्या छातीच्या पिंजऱ्याला हाडाने जोडलेलाच नाही, नुसत्या स्नायूंनी धरलेला आहे, कॉलरबोनचा एक बारीक अवशेष तेवढा उरलाय तोही कुठल्या हाडाला टेकत नाही. म्हणजे पुढच्या दोन पायांच्या मध्ये छाती अक्षरशः टांगलेली आहे. हे वाचल्यावर विसरता येत नाही, कारण प्रश्न तुमचा होता. तेच सांगाड्याच्या चार्टवरून याच हाडाचं 'स्कॅप्युला' असं नाव पाठ केलेल्या मुलाला स्मरणचित्राच्या पेपरात कुत्रा काढायला सांगा, आडवी फळी आणि खाली टेबलासारखे चार सरळ पाय. दर वर्षी असे गठ्ठेच्या गठ्ठे तुमच्यासमोर येत असतील.

काही गोष्टी तर चार्टमध्ये नसतातच. बसलेली गाय उठताना आधी मागचा भाग वर उचलते, पुढे क्षणभर गुडघ्यांवरच असते, आणि घोडा उलट, आधी पुढचे पाय रोवतो मग मागचा भाग उचलतो. हाडांची नावं दोघांत तीच. उठणारी गाय काढताना वजन कुठे गेलंय ते न बघता नावं आठवत बसलात तर घोड्यासारखी उठणारी गाय काढाल, आणि अशी गाय मी छापील पुस्तकातसुद्धा बघितली आहे.

फ्लेमिंगोचं तर विचारूच नका. नवी मुंबईत राहून फ्लेमिंगो न काढणं म्हणजे पापच, आणि काढायला गेलं की सगळे एकाच जागी अडतात, पाय उलटा वाकतो कसा? तो उलटा वाकणारा सांधा गुडघा नाहीच, तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. (कुत्र्याच्या मागच्या पायाचंही तेच, मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो ती टाच आहे, बिचारा जन्मभर चवड्यावर चालतो, आणि बकरी तर त्याहून पुढे, चक्क नखांवर, खूर म्हणजे तिचं नखच.) एवढी ॲनाटॉमी हवीच, मान्य. पण एका पायावर उभा फ्लेमिंगो कागदावर पडतो का उभा राहतो हे त्या सांध्याच्या नावावर ठरत नाही, पाऊल शरीराच्या वजनाच्या बरोबर खाली आलंय का त्यावर ठरतं. म्हणजे तो एकटा पाय सरळ खांबासारखा काढायचाच नाही, तो आत, मध्याकडे तिरका येतो. 2017 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोंवर प्रयोग करून दाखवलं, की त्यांचं शरीर एका पायावर नीट कललेलं ठेवलं तर स्नायूंचं काही काम नसतानाही तसंच टिकतं, दोन पायांवर ठेवलं तर टिकत नाही. आता सांगा सर, स्नायूंची यादी पाठ करून इथे काय हाती लागलं असतं? इथे सगळा खेळ कलण्याचा आहे, आणि शेप घेताना मी तेवढंच तर बघायला सांगतेय.

फोटोंबद्दल. एका बाबतीत फोटो जिंकतो हे आधीच सांगून टाकते. शतकानुशतकं चित्रकारांनी धावता घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, असा हवेत दाखवला, आणि 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे भरधाव पळणारं काही काढायचं असेल तर खुशाल व्हिडिओ स्लो करून बघा. पण मोबाइलने जवळून काढलेल्या कुत्र्याचं नाक डोक्याएवढं होतं आणि मागचं अंग आक्रसतं, मुलं ते तसंच्या तसं उतरवतात आणि त्यांना वाटतं कुत्रा असाच असतो. आणि फोटोत जनावर हलत नाही त्यामुळे मूल पहिल्या मिनिटाला डोळ्यावर जातं. तुम्ही म्हणाल, हलणारं जनावर काढायचं कसं, ते तर थांबत नाही. थांबत नाही, पण परत परत तेच करतं! म्हणून एकाच पानावर पाच-सहा अर्धवट चित्रं उघडी ठेवायची, कुत्रा खाजवायला लागला की खाजवणाऱ्यावर जायचं, मान वर केली की त्या दुसऱ्यावर, थोड्या वेळाने तो फिरून पहिल्या पोझला येतोच. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलात तर कुत्रे, मांजरी, कावळे, सगळे बसल्या जागी मिळतात, फक्त कुल्फीवाल्याजवळ बसू नका, तिथे कुणीच धड बसलेलं नसतं.

आणि बाहेरून आलेलं फॅड हे मात्र मला अजिबात पटलं नाही. ठाणे जिल्ह्यातून 2014 मध्ये वेगळ्या झालेल्या पालघरच्या पट्ट्यात वारली चित्रांतली माणसं काय आहेत? टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. उभ्या बाईलाही तेच, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाचणाऱ्यालाही तेच, फक्त नाचणाऱ्याचे त्रिकोण कलतात, कंबरेच्या त्या एका टोकावर शरीर कधी पुढे तर कधी मागे झुकतं, आणि आख्खी साखळी फिरायला लागते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतली गर्दी बघा, एकाही माणसाचा स्नायू दाखवलेला नाही आणि एकही माणूस स्थिर नाही. शब्द इंग्रजी आहे म्हणून गोष्टही तिकडची होत नाही.

आठवीच्या वर्गाचं म्हणाल तर मी आधी झोपलेला कुत्रा देईन, शाळेच्या गेटवर एक तरी असतोच. झोपलेल्यात वजन जमिनीवर कुठे सांडलंय ते स्पष्ट दिसतं आणि पोरांना घाई होत नाही. आधी पेनने फक्त तीन आकार आणि त्यांचे कल, पाय नाहीत, तोंड नाही. मग तोच कुत्रा उठून आळस देतो, छाती खाली आणि ढुंगण वर, तेव्हा तेच तीन आकार परत, आता कल बदललेले. हे जमल्यावर कुणीतरी विचारतंच, "मिस, याचा गुडघा कुठंय?" त्या दिवशी तुमचा सांगाड्याचा चार्ट फळ्यावर लावा, मग बघा पोरं कशी पुढे येऊन बघतात ते. ग्रेडच्या परीक्षेला मार्क फिनिशिंगला मिळतात, या कच्च्या कामाला नाही, हे मला माहितीये, पण स्मरणचित्रातला कुत्रा कुठूनतरी आठवावा लागतो ना.

फ्लेमिंगोसाठी मुलांना न्यायचं असेल तर साधारण डिसेंबर ते मे यात कधीही, नेरूळला टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर, पण भरतीचं टाइमटेबल बघून. ओहोटीला सगळे खाडीच्या चिखलात लांब पांगलेले असतात, नुसते ठिपके दिसतात, भरतीला तिकडचं पाणी वाढलं की आत, काठाच्या जवळ येऊन उभे राहतात आणि बराच वेळ हलत नाहीत. ऐरोलीहून बोटही आहे, बघायला छान, पण हलत्या बोटीत हलता पक्षी काढायचा म्हणजे तीस सेकंदसुद्धा जास्तच झाले. पेनं दोन-दोन द्या मुलांना, एक पाण्यात पडतंच.