जुन्या पेपरात पाण्याची बातमीच नसायची म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने परत तो फॉरवर्ड टाकलाय, तुम्हालाही आलाच असेल, की जुने पेपर काढून बघा, 2005 च्या आधी मुंबई कधी तुंबली नाही, पाणीकपात हा शब्द नव्हता, विहिरींचं पाणी म्हणजे अमृत, इंग्रजांची गटारं एक नंबर, आणि शेवटी पुरावा म्हणून माहीमचा गोड झालेला समुद्र. मामा, राग मानू नकोस, पण एकेक घेतोच.

तुंबण्याचं बघ. 5 जुलै 1974 ला कुलाब्यात एका दिवसात 575 मिलिमीटर पाऊस पडलाय. 26 जुलै 2005 ला त्याच कुलाब्यात किती, तर 73! त्या दिवशी सांताक्रूझला 944 पडला आणि उपनगरं बुडाली म्हणून ती तारीख आपल्या डोक्यात बसली, बाकीच्या पुसल्या गेल्या. आणि 1985 ला पाणी भरल्यावरच तर पालिकेने गटारांचा अभ्यास करायला लावला ना, त्याचा ब्रिमस्टोवॅड रिपोर्ट 1993 चा आहे, म्हणजे तुझ्या 2005 च्या बारा वर्षं आधीचा. तुंबतच नव्हतं तर हा खटाटोप कशाला?

त्याच ओघात इंग्रजांची गटारं. बांधकाम पक्कं होतं, मान्य. पण हिशोब तासाला 25 मिलिमीटर पावसाचा, तोही ओहोटी असेल तर. भरतीला बहुतेक तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, मग पाणी जाणार कुठे, तुझ्या दादरच्या सखल हिंदमातालाच येणार.

कपातीचं तर हसूच आलं. विहिरी-तलाव पुरेनात म्हणून 1860 ला विहार धरण झालं, तेही पुरेना म्हणून 1879 ला तुळशी, मग 1892 ला तानसा, पुढे वैतरणा, भातसा, यादी संपतच नाही. आजीच्या ट्रंकेत तळाला पेपर अंथरलेला असायचा, पिवळा पडून कडा चुरगळलेल्या, एका मे महिन्याच्या पानावर कपातीची चौकट आणि बरोब्बर त्यावर डांबरगोळीचा डाग. लहानपणी मी ती अक्षरं जोडून वाचलीयेत. पहाटे चारला हंडे घेऊन चाळीच्या नळावर उभी राहणारी आजीच होती, मामा, तू झोपलेला असायचास.

विहिरींचं अर्धं बरोबर आहे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 ची, समुद्र एवढा जवळ असून पाणी अजून गोड. पण मलेरियाचे डास उघड्या विहिरींत वाढतात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पालिकेने शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या, बुजवल्या, आणि तेव्हा लोकांनी धर्माच्या नावाने भांडणं केली ती वेगळीच. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, तलाव गेले, नावं तेवढी बसस्टॉपवर राहिली.

राहिला गोड समुद्र. ऑगस्ट 2006, बातमी खरीच आहे, पण बातमी काय होती की लोक गोड म्हणतायत आणि पालिका सांगतेय पिऊ नका. पावसात मिठी नदीचं पाणी खाडीतून येतं, खाऱ्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. मिठीत काय काय सोडतात ते तुला मी सांगायला नको.

मीपण गेलेलो, बिसलेरीची बाटली भरून आणलेली. आईने वास घेतला आणि तुळशीतसुद्धा ओतू दिली नाही, सरळ मोरीत.